कॅमेरा कोणता, ते आधी सांगा

एडिटिंगसाठी कॉम्प्युटर जोडून घ्यायला माणूस दुकानात गेला की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘बजेट किती?’ आकडा सांगितला की कोटेशन छापून हातात पडतं. आय-सेव्हन प्रोसेसर, भारीतलं ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचे पंखे, पुढे काच लावलेलं कॅबिनेट. सेनगावचा शूटिंगवाला हे कोटेशन हिंगोलीहून आणो, नांदेडहून की पुण्याच्या बुधवार पेठेतून, त्यातल्या वस्तू साधारण सारख्याच निघतात, कारण ही यादी मुळात गेम खेळणाऱ्या पोरांसाठी बनलेली असते. दुकानदाराचा त्यात दोष नाही. त्याचं बहुतेक गिऱ्हाईक तेच मागतं. मग एवढे पैसे मोजून आणलेल्या मशीनवर लग्नाची फोर-के क्लिप टाकली की टाइमलाइन अडखळते. सनई पुढे निघून जाते, नवरा-नवरी मागेच राहतात.

खरं तर पहिला प्रश्न दुसराच हवा. कॅमेरा कोणता, त्यावर कोणत्या सेटिंगला शूट करता आणि त्या फाइलींचं पुढे काय करता? याचं उत्तर मिळालं की निम्मी यादी आपोआप ठरते.

सेनगाव हे हिंगोली जिल्ह्याच्या पाच तालुक्यांपैकी एकाचं ठिकाण. सोयाबीन, तूर, कापूस आणि हळदीवर चालणाऱ्या या भागात व्हिडिओची कामं मोजक्या प्रकारांची. पहिलं अर्थातच लग्न: हळदीपासून पाठवणीपर्यंतचं सलग शूटिंग, त्यावर तीन-चार मिनिटांचा हायलाइट आणि आता प्री-वेडिंग. दुसरं, अखंड हरिनाम सप्ताहातलं कीर्तन. संत नामदेवांचं नर्सी याच जिल्ह्यातलं. कीर्तनाला मंडपात जशी माणसं बसतात तशी आता ती यूट्यूबवरही बसतात. तिसरं, मोबाइलवरचे रील्स: दुकानाचं उद्घाटन, वाढदिवस, निवडणूक. बाहेरच्या माणसाला हे सगळं एकच ‘मिक्सिंग’ वाटतं, पण मशीनला त्यांचा भार वेगवेगळ्या जागी लागतो. कीर्तनात इफेक्ट जवळजवळ नसतात, मात्र तीन कॅमेऱ्यांच्या दोन-दोन तासांच्या फाइली एकाच वेळी चालवाव्या लागतात. हायलाइटमध्ये क्लिपा छोट्या, पण प्रत्येकीवर रंग, स्लो मोशन, टायटल आणि ट्रान्झिशनचे थर. रील्समध्ये फाइल लहान असते, त्रास मोबाइलच्या विचित्र फ्रेम रेटचा असतो.

आता फाइलीच्या पोटात शिरू. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके. एका फ्रेममध्ये जवळपास ८३ लाख, फुल एचडीच्या बरोबर चौपट. हे सगळं न दाबता साठवलं तर साध्या ८-बिट चित्राचीही एक फ्रेम सुमारे १२.४ एमबीची होते, आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर सेकंदाला ३११ एमबी. कॅमेरा मात्र कार्डावर १०० मेगाबिटच्या दराने, म्हणजे सेकंदाला फक्त १२.५ एमबी लिहितो. मधलं पंचवीस पटींचं अंतर कॅमेऱ्याने दाबून मिटवलेलं असतं. दाबण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. त्यातलं एच.२६४ हे २००३चं आणि त्याहून जास्त दाबणारं एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, २०१३चं.

दाबण्याची युक्ती अशी की प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहायचीच नाही. एक पूर्ण चित्र लिहायचं आणि पुढच्या काही फ्रेमसाठी फक्त काय बदललं तेवढं नोंदवायचं. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीचंच तत्त्व: वर मागची बाकी आणि खाली नुसत्या नोंदी. मधल्या एखाद्या तारखेला किती देणं होतं हे हवं असेल तर वरपासून बेरीज करत यावं लागतं. टाइमलाइनवर मधेच कुठेतरी क्लिक केलं की कॉम्प्युटर हीच बेरीज करतो, उलटं चालवलं तर पुन्हा पुन्हा करतो, आणि तीन कॅमेरे एकत्र लावले तर तीन वह्यांची एकदम करतो. म्हणूनच फाइल छोटी तर मशीनला हलकी, हा समज उलटा आहे. जितकी जास्त दाबलेली फाइल तितकी ती उलगडायला जड.

पूर्वी हा प्रश्न एवढा नव्हता. गावोगावच्या शूटिंगवाल्यांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं असलेला सोनीचा एमसी-२५०० कॅमेरा फुल एचडीत जास्तीत जास्त २८ मेगाबिटचं एव्हीसीएचडी लिहितो. तासाला साडेबारा जीबी. ते आजचं कोणतंही बऱ्यापैकी मशीन सहज ओढतं. तुमचं काम अजून त्याच कॅमेऱ्यावर असेल आणि पुढची दोन वर्षं तसंच राहणार असेल, तर नवं मशीन घेण्याऐवजी एक एसएसडी आणि थोडी रॅम टाका, बाकीचे पैसे घरात ठेवा. १०० मेगाबिटचं फोर-के आलं की तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे चार-चार तास चालले तर एका लग्नाचे ३६० जीबी.

त्यातही एक खाच आहे, आणि नेमकी तिथेच बहुतेक कोटेशनं चुकतात. आपला डोळा उजेडातला फरक बारीक ओळखतो, रंगातला तितका नाही. म्हणून कॅमेरे रंगाची माहिती कमी साठवतात: ४:२:० पद्धतीत चार ठिपक्यांना मिळून एकच रंग, ४:२:२ मध्ये दोन ठिपक्यांना एक. शिवाय ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, १०-बिटमध्ये १०२४. मंडपात जांभळे एलईडी लावलेले असतात, नवरीच्या तोंडाला हळद असते, अंगावर लाल शालू असतो. अशा वेळी रंग सुधारायला १०-बिट ४:२:२ फारच सोयीचं पडतं. सोनी ए-सेव्हन-थ्री किंवा झेडव्ही-ई-टेन ८-बिट ४:२:० देतात. ए-सेव्हन-फोर १०-बिट ४:२:२ देतो, कॅननचा आर-सिक्सही देतो. कॅमेरा बदलला आणि कालपर्यंत लोण्यासारखं चालणारं मशीन आज अडकू लागलं, अशी तक्रार ऐकू आली की बहुतेक वेळा कारण हेच असतं.

फाइल उलगडण्याची ही उधारीच्या वहीसारखी बेरीज प्रोसेसरने स्वतः करायची झाली तर त्याचा जीव जातो. म्हणून चिपमध्येच त्यासाठी वेगळा छोटा विभाग बसवलेला असतो. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या आतल्या ग्राफिक्समध्ये तो २०११पासून आहे आणि त्याचं नाव क्विक सिंक. ११व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये तो १०-बिट ४:२:२ एच.२६५ थेट उलगडतो. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डात अशी सोय पूर्वीपासून आहे, पण ४:२:२ साठी नव्हती. ती २०२५मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून मिळाली. म्हणजे ए-सेव्हन-फोरच्या १०-बिट ४:२:२ एच.२६५ फाइली घेऊन बसलेल्या माणसाला महागडं आरटीएक्स ४० मालिकेतलं कार्ड त्या एका कामात काही मदत करत नाही, आणि त्याच्या प्रोसेसरमधलं फुकटचं ग्राफिक्स करतं.

आता दुकानातली एक गंमत पाहा. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ लावलेले प्रोसेसर थोडे स्वस्त असतात: १२४००एफ, १३४००एफ. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. गेम खेळणाऱ्याला त्याने काहीच फरक पडत नाही, म्हणून तो आनंदाने घेतो. एडिटिंगवाल्याने ते घेतलं तर थोड्या रुपयांसाठी क्विक सिंक गमावलं. माझं स्पष्ट मत: कॅमेऱ्याच्या फाइली थेट टाइमलाइनवर टाकून काम करणाऱ्याने इंटेल घ्यायचं ठरवलं असेल तर एफ असलेला प्रोसेसर फुकट मिळाला तरच घ्यावा. आणखी बारीक सांगायचं तर १२४०० मध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे आणि १२५०० मध्ये यूएचडी ७७०. पहिल्यात उलगडण्याचं इंजिन एक, दुसऱ्यात दोन. तीन कॅमेऱ्यांचं कीर्तन लावणाऱ्याला हा फरक हाताला जाणवतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्यावर काही बोर्डांवर आतलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं. ते बायोसमध्ये जाऊन चालू करून द्यायला जोडणाऱ्याला आठवणीने सांगा.

क्विक सिंकलाही मर्यादा आहे. १०-बिट ४:२:२ मधलं एच.२६४ ते या पिढ्यांमध्ये उलगडत नाही, फक्त एच.२६५. सोनीच्या मेनूत एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४ आणि एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५. त्यामुळे इंटेलवाल्याला एचएस सोयीचं पडतं, मात्र एचएसमध्ये सगळे फ्रेम रेट मिळत नाहीत. आधी स्वतःच्या कॅमेऱ्यात पाहून घ्या. आरटीएक्स ५० मालिका दोन्ही उलगडते. एएमडीचे रायझन प्रोसेसर ताकदीला कुठेही कमी नाहीत, वीजही बेताने खातात. ८-बिट ४:२:० वर काम करणाऱ्याने ते डोळे झाकून घ्यावेत. ४:२:२ असेल तर मात्र रायझनसोबत आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड हा जोड हवा.

आपली फाइल कोणती हे ओळखायला अंदाज लागत नाही. मीडियाइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्यात क्लिप उघडली की कोडेक, बिट, ४:२:० की ४:२:२, फ्रेम रेट कायम आहे की बदलता, सगळं लिहिलेलं येतं. सध्याच्या मशीनवर तीच क्लिप चालवून शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवा. प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि ग्राफिक्सखालचा व्हिडिओ डिकोड आलेख शून्यावर असेल, तर उलगडण्याचं काम अंगावर पडलं आहे. डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर प्रोसेसर बदलून काही होणार नाही. मेमरी भरली असेल तर तेही तिथेच दिसतं. दुकानात जाण्याआधी एवढं पाहिलं तरी निम्मी खरेदी वाचू शकते.

मग ग्राफिक्स कार्ड कशाला? रंग, स्लो मोशनमध्ये मधल्या फ्रेम तयार करणं, चित्रात उठणारे दाणे घालवणं, चेहऱ्यामागे मास्क चालवणं, शेवटी एक्स्पोर्ट करणं. ही कामं कार्डाची. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह वापरणाऱ्याचं जवळजवळ सगळं कार्डावर चालतं, त्यामुळे त्याने तिथे हात सैल सोडावा. प्रीमियर प्रोवाल्याला प्रोसेसर आणि क्विक सिंकचा आधार जास्त. आणि ज्या एडियसवर आपल्याकडच्या लग्नांच्या मिक्सिंगचं काम वर्षानुवर्षं चाललं, त्याचा ओढा पूर्वीपासून इंटेलच्या क्विक सिंककडे राहिला आहे. कार्ड निवडताना नावापेक्षा त्यावरची मेमरी पाहावी. फोर-केसाठी ८ जीबी हा किमान आकडा, १२ जीबी असेल तर बरं. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती उत्तम आहे, पण तिच्यात काही फॉरमॅट आणि हार्डवेअरची मदत मर्यादित ठेवलेली आहे; त्यामुळे तिच्या भरवशावर मशीन ठरवण्याआधी आपलीच क्लिप एकदा तिच्यात टाकून बघा.

इथे एक पर्याय सांगायलाच हवा, कारण त्याला पैसे लागत नाहीत: प्रॉक्सी. मूळ फोर-के फाइलीच्या छोट्या, हलक्या प्रती सॉफ्टवेअर रात्रीत बनवून ठेवतं; आपण त्यांच्यावर कापाकापी करतो आणि एक्स्पोर्टला मूळ फाइल लागते. जुने एडियसवाले कॅनोपस एचक्यू फाइली बनवून काम करायचे, तेही याच जातीचं शहाणपण. त्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र लिहिलेली असते, त्यामुळे फाइल मोठी होते पण मशीन मोकळं चालतं. मोबाइलच्या क्लिपांनाही हाच उपाय. त्यांचा फ्रेम रेट चालता चालता बदलतो आणि लांबलेल्या क्लिपमध्ये ओठ आणि आवाज यांची फारकत होते. हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रामने आधी २५ किंवा ५० च्या कायम दरात बदलून घ्याव्यात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हेच आकडे. ३० वर शूट केलं की मंडपातले काही दिवे लुकलुकतात. हाताशी रक्कम नसेल तर एक हंगाम प्रॉक्सीवर काढणं हे चुकीचं मशीन कर्जाने घेण्यापेक्षा कितीतरी बरं.

रॅमचं गणित एरवी सोपं असायचं. अडोबीच्या शिफारशीप्रमाणे प्रीमियरला एचडीसाठी १६ जीबी आणि फोर-केसाठी ३२ जीबी. पण २०२५च्या अखेरीपासून रॅम कडाडली. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांचा साठा उचलायला सुरुवात केली आणि मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रूशल या नावाने चालणारा ग्राहकांचा व्यवसायच बंद करायचं जाहीर केलं. त्यामुळे जुन्या कोटेशनवर विसंबू नका. चार खणांच्या डीडीआर-फोर बोर्डावर ८-८ च्या दोन पट्ट्यांनी सुरुवात करून पुढे वाढवता येतं. डीडीआर-फाइव्हवर मात्र चार पट्ट्या लावल्या की वेग बहुधा खाली आणावा लागतो, म्हणून तिथे १६-१६ ची जोडी एकदमच घ्यावी. एकच पट्टी कधीच नको. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे दोन वाटा मिळतात आणि आतलं ग्राफिक्स त्याच मेमरीवर जगतं. सगळ्यात स्वस्त बोर्डांवर रॅमचे दोनच खण असतात, तेवढं मोजून घ्या.

साठवणुकीबद्दल लोक एसएसडीच्या वेगाचे आकडे पाठ म्हणून दाखवतात. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी, एनव्हीएमई साडेतीन हजार, त्यापुढची पिढी सात हजार. आता वरचा हिशेब आठवा: फोर-केच्या एका कॅमेऱ्याला लागतात साडेबारा एमबी. त्यामुळे साडेतीन हजार की सात हजार, या भांडणात पैसे घालू नका. साधी हार्ड डिस्कही तेवढा प्रवाह देते. ती अडते ती तीन फाइलींमध्ये तिची सुई इकडून तिकडे धावताना. म्हणून चालू काम एसएसडीवर आणि संपलेलं काम हार्ड डिस्कवर. विंडोज आणि प्रोग्रामसाठी एक एनव्हीएमई, चालू लग्नांसाठी दुसरं एक किंवा दोन टीबीचं. त्यामुळे बोर्डावर एम-डॉट-टूचे दोन खण हवेतच. नाव न ऐकलेल्या स्वस्त एसएसडीला भुलू नका. तिचा सुरुवातीचा थोडासा भागच वेगवान असतो. दहा जीबीची फाइल टाकून पाहिली तर ती झकास वाटते, ३६० जीबीचं लग्न ओतायला लागलं की मधेच हार्ड डिस्कच्या पातळीवर येते.

आणि कार्ड रीडर! यूएसबी २.० चा दीडशे रुपयांचा रीडर सेकंदाला जेमतेम ३५ एमबी देतो. तेच ३६० जीबी उतरवायला जवळपास तीन तास. यूएसबी ३ चा चांगला रीडर आणि बरं कार्ड असेल तर ९० एमबीच्या दराने सव्वा तासाच्या आत. मशीनमध्ये इतक्या थोड्या पैशांत एवढा वेळ वाचवणारी दुसरी वस्तू नाही. दोन वेगळ्या डिस्कांवर प्रत उतरल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नये. मंगलाष्टकं पुन्हा म्हणवून घेता येत नाहीत.

इथपर्यंतचं सगळं पुण्या-मुंबईच्या एडिटरलाही लागू आहे. सेनगावचं वेगळं गणित विजेपासून सुरू होतं. वाऱ्या-पावसात लाइट जाते, रब्बीत मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, आणि डीपी जळाली तर विचारूच नका. अशा ठिकाणी कोटेशनमधली सगळ्यात दुर्लक्षित ओळ सगळ्यात महत्त्वाची ठरते: एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, पण छापलेल्या वॅटवर कोणी जाऊ नये. ती जाताना एकटी जात नाही, बोर्डालाही सोबत नेते. हिशेब करा: आय-फाइव्ह १४५०० जोरात चालताना १५४ वॅटपर्यंत घेतो, आरटीएक्स ५०६० कार्ड १४५, बोर्ड-डिस्क-पंखे मिळून साठेक. एकूण ३६० च्या आसपास. त्यावर नामांकित कंपनीची ५५० ते ६५० वॅटची एसएमपीएस पुरते; ८५० ची गरज नाही. ८० प्लसचा बिल्ला वीज किती वाया जाते ते सांगतो, टिकाऊपणा नव्हे. त्यासाठी वॉरंटीची वर्षं पाहा.

यूपीएसचंही तसंच. दुकानात हमखास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास झेपतो. एक्स्पोर्ट चालू असताना लाइट गेली तर तो टूं करून बंद पडतो, नेमका ज्या क्षणासाठी घेतला त्या क्षणी. मॉनिटर धरून ४०० वॅटच्या भाराला १००० ते ११०० व्हीए हवा. घरच्या इन्व्हर्टरवर थेट मशीन चालवणारे पुष्कळ आहेत. एसएमपीएस विजेशिवाय साधारण १६-१७ मिलीसेकंद तग धरते. चांगला यूपीएस त्याच्या आत बॅटरीवर जातो, इन्व्हर्टर कधी जातो कधी नाही, आणि रात्री बारा वाजता मशीन रीस्टार्ट झालं की ‘सॉफ्टवेअरमध्ये व्हायरस आहे’ असं निदान होतं. इन्व्हर्टर असेल तर त्याच्यापुढे यूपीएस लावा. त्याच्याही आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर लाखाचं मशीन तिथे ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. लग्नसराई ऐन एप्रिल-मेत आणि तेव्हाच मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या दुकानात त्याहून जास्त. पंखा, मोठा कूलर किंवा पाण्याचा लिक्विड कूलर, कोणीही प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २५ वरून ४२ अंशांवर गेली की प्रोसेसरही साधारण तेवढ्याच, म्हणजे १७ अंशांनी जास्त तापतो. इंटेलचे हे प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःहून वेग कमी करतात, एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले ९५ वर. त्यामुळे जानेवारीत चाळीस मिनिटांत होणारं एक्स्पोर्ट मे महिन्यात जास्त वेळ खातं आणि मालकाला वाटतं मशीन म्हातारं झालं. यावर उपाय म्हणून १२५ वॅटचे, मागे ‘के’ लावलेले तापट प्रोसेसर टाळा; ६५ वॅटच्या वर्गातला घ्या आणि त्यावर हवेचा उंच कूलर लावा. पुढे काचेऐवजी जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. काचेमागून पंखे हवा ओढणार तरी कुठून?

जाळी म्हटली की धूळ आलीच. सोयाबीनच्या मळणीचा भुसा, कापसाचे तंतू, हळदीच्या पॉलिशची पिवळी भुकटी, सगळं आत जाऊन बसतं. आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एकाने जास्त ठेवले की आतला दाब थोडा जास्त राहतो आणि फटींमधून धूळ ओढली जात नाही. पुढची फिल्टरची जाळी पंधरवड्याला झटकायची. डेझर्ट कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर सोडू नये.

सेकंडहँड मशीनचा मोह मोठा असतो आणि तो नेहमीच वाईट नसतो. पण मोठ्या शहरांतल्या कंपन्यांतून निघालेले झिऑन प्रोसेसरचे वर्कस्टेशन ‘२४ थ्रेड’ सांगून विकले जातात, त्यांच्याबाबत सावध राहा. त्या जुन्या झिऑनमध्ये आतलं ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंक नाही. २४ थ्रेड घामाघूम होतात आणि एच.२६५ तरीही अडकतं. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला इंटेलची किमान ८वी पिढी लागते, तेही ध्यानात असू द्या. १३व्या-१४व्या पिढीतले मोठे प्रोसेसर जुने घ्यायचे तर बोर्डाचं बायोस नवं केलेलं आहे का ते विचारा. त्यांच्यात जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचं इंटेलने २०२४मध्ये मान्य केलं आणि त्यावर दुरुस्ती दिली. जुनं ग्राफिक्स कार्ड घेताना जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम चालवा. जुन्या कार्डाला नव्या कार्डाचं नाव चिकटवून विकण्याचे प्रकार होतात, आणि ते तिथे उघडे पडतात.

मॉनिटरबद्दल फार लिहीत नाही: आयपीएस पॅनेल, पूर्ण एसआरजीबी रंग, गेमिंगचे जादा हर्ट्झ नकोत. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल मात्र एक वाक्य. गिऱ्हाइकाची लग्नं ज्या डिस्कवर आहेत तिथे अनोळखी क्रॅक चालवणं हा निव्वळ जुगार आहे, आणि रॅन्समवेअरने कुलूप लावलेल्या फाइली पैसे मोजूनही परत मिळतीलच असं नाही.

खरेदीचं बिल पक्कं, जीएसटीचं घ्या. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो वाचवायला कच्च्या पावतीवर घेतलेल्या बोर्डाची वॉरंटी मागायला पुढे कोणाकडे जाणार? बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहून घ्या आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नांदेडला आहे, छत्रपती संभाजीनगरला की थेट पुण्याला, हे पैसे देण्याआधी विचारा. दोन कंपन्यांत अडलात तर जिचं सेंटर जवळ ती निवडा. मुद्रा योजनेतून कर्ज काढणार असाल तर शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत मिळतं. बँकेला द्यायचं कोटेशन वरच्या हिशेबाने स्वतः बनवून घ्या, दुकानाचं छापील नको.

आणि वेळ. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं थांबतात. मशीन जोडायचं ते त्या चातुर्मासात: जुन्या लग्नाच्या फाइली टाकून बघा, दिवसभर एक्स्पोर्ट चालवून तापमान पाहा, लाइट मुद्दाम बंद करून यूपीएस आजमावा, खराब निघालेला भाग बदलून आणा. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू होतो, त्यानंतर मशीनला हात लावू नका.